लंडन ते पॅरिस: अंतर किती, विमानाला वेळ किती? सारखे विचारले जाणारे प्रश्न

लंडनला राहायला लागल्यापासून गावाकडनं, पुण्याहून, अगदी बायकोच्या मावससासरहूनसुद्धा एकच विषय येतो, "तिकडे आलोच आहोत तर पॅरिस करून घेऊ, किती लांब आहे रे?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून आलेले सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. आधी सोपे, मग भानगडीचे. एक उत्तर दुसऱ्यात येत असेल तर नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. लंडन ते पॅरिस अंतर नक्की किती? प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा दिसतो.

कारण प्रत्येकजण वेगळं काहीतरी मोजतो. नकाशावर पट्टी ठेवून शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत सरळ रेघ मारली तर साधारण ३४४ किलोमीटर, म्हणजे २१४ मैल. हीथ्रो ते शार्ल द गॉल विमानतळ धरलं तर ३४८ च्या आसपास. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे त्यांच्याकडे हाच आकडा १८८ होतो आणि लोकांना वाटतं अंतर कमी झालं. रस्त्याने साधारण ४६० आणि रेल्वेने ४९२. सगळे आकडे खरे आहेत, तुम्ही कशाने जाणार ते आधी ठरवा.

अंदाज हवा असेल तर पुण्याचं लोहगाव ते गोव्याचं दाबोळी हे हवाई अंतर ३५६ किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे पुणे-गोवा. फक्त मधे आंबोली घाटाऐवजी इंग्लिश खाडी.

२. विमानाला किती वेळ लागतो?

तिकिटावर १ तास १५ ते १ तास २५ मिनिटं लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष हवेत तुम्ही ४५ ते ५५ मिनिटं असता. तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, म्हणजे विमान मागे ढकलणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर पॅरिसच्या त्या अवाढव्य विमानतळावर गेटपर्यंत रांगत जाणं, सगळं धरून. वर थोडा जादा वेळही धरून ठेवलेला असतो, म्हणून पंधरा मिनिटं उशिरा निघूनही वेळेवर पोचल्याची घोषणा होते आणि सगळे खूश.

जेवणबिवण विसरा. सीटबेल्टचा दिवा विझतो, ट्रॉली निम्म्या रांगांपर्यंत पोचते आणि कॅप्टन खाली उतरायला लागल्याचं सांगतो. माझी आई एकदा शेवटच्या रांगेत होती, तिच्या हातात चहा आला तेव्हा ट्रे वर करायची वेळ झाली होती, तिने तो गरम चहा एका घोटात संपवला कारण पैसे दिले होते.

३. विमान ताशी ८५० किमीने जातं म्हणतात, मग ३४४ ला २४-२५ मिनिटं पुरायला हवीत ना? पन्नास कशी लागतात?

गणित बरोबर आहे, पण ८५० चा वेग या प्रवासात जेमतेम येतो, आलाच तर. एवढ्या जवळच्या प्रवासात विमान ३५ हजार फुटांवर जातच नाही, साधारण २०-२५ हजारांवर जातं, थोडं सरळ उडतं आणि लगेच खाली यायला लागतं. शिवाय १० हजार फुटांच्या खाली सहसा २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किलोमीटर. चढताना आणि उतरताना बराच वेळ त्यातच जातो.

खरी गंमत दिशेची आहे. पॅरिस लंडनच्या आग्नेयेला. पण विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं, आणि इकडे वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडनं येतो. हीथ्रोवर साधारण ७० टक्के वेळा विमानं पश्चिमेकडे तोंड करून उडतात. म्हणजे पॅरिसला निघालेलं विमान आधी पॅरिसकडे पाठ करून सुटतं, विंडसरच्या बाजूला जातं, मग वळसा घालून आग्नेयेला लागतं. पॅरिसलाही तेच, वारा पश्चिमेचा असेल तर विमान विमानतळाला समांतर पुढे निघून जातं, मागे वळतं आणि आलं त्याच दिशेला तोंड करून टेकतं. खिडकीजवळ बसलात आणि समोरच्या स्क्रीनवर नकाशा असला तर ती रेघ बघा, दोन्ही टोकांना काठीच्या मुठीसारखी वाकलेली दिसेल.

परत येताना अजून एक, हीथ्रोला गर्दी असली तर विमानं आकाशात गोल फिरवत ठेवतात, एकावर एक हजार-हजार फूट सोडून. पॅरिसकडनं येणाऱ्यांच्या नशिबी बहुतेक लंडनच्या दक्षिणेकडचे बिगिन नाहीतर ऑकमचे घिरटे असतात. त्यात दहा मिनिटं सहज जातात.

४. सकाळी १० ला पॅरिसहून निघून १०:२० ला लंडन? तिकिटावर चूक आहे का?

चूक नाही. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. म्हणून लंडनहून १० ला निघालात तर पॅरिसला १२:२० वाजलेले असतात, येताना १० ला निघून १०:२०. दोन्हीकडे प्रवास १ तास २० मिनिटंच. तिकिटावर नेहमी त्या-त्या गावची वेळ छापतात, वजाबाकी करायच्या आधी हे लक्षात घ्या. एका काकांनी यावरनं "येतानाचं विमान फास्ट आहे, तेच जाताना का देत नाहीत" असं मला विचारलेलं आहे.

वाऱ्यामुळे जाता-येता फरक पडतो, पण या अंतरात तो चार-पाच मिनिटांचा. मुंबई-लंडनला पडतो तसा तासाचा नाही.

५. उन्हाळ्यात घड्याळ बदलतात तेव्हा हा फरक बदलतो का?

नाही. दोन्हीकडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे होतात, आणि तेही एकाच क्षणी. भारताशी फरक मात्र बदलतो: लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. पॅरिस साडेचार आणि साडेतीन. घरी व्हिडिओ कॉल करताना एवढं लक्षात ठेवा.

६. लंडनला बरेच विमानतळ आहेत, कुठूनही निघालं तरी तेवढाच वेळ ना?

हवेतला वेळ जवळपास तेवढाच, जमिनीवरचा अजिबात नाही. गॅटविक पॅरिसच्या जास्त जवळ, शार्ल द गॉलपर्यंत ३०८ किलोमीटर. ल्यूटन उत्तरेला, तिथनं ३८०. पण हा ७० किलोमीटरचा फरक विमानाला पाच-सहा मिनिटांचा आहे, तुम्हाला मात्र पहाटे चार वाजता ल्यूटनला पोचायला टॅक्सी लागली तर विमानापेक्षा टॅक्सीच महाग पडेल. नावात लंडन आहे म्हणून ल्यूटन आणि स्टॅनस्टेडला लंडन समजू नका, दोन्ही चांगलीच गावाबाहेर आहेत.

पॅरिसलाही तसंच. शार्ल द गॉल ईशान्येला २५ किलोमीटर, तिथनं आरईआर बी नावाची लोकल गार द्यू नॉर या पॅरिसच्या मोठ्या रेल्वे स्टेशनला साधारण अर्ध्या तासात नेते. ऑर्ली दक्षिणेला आणि जास्त जवळ, जून २०२४ पासून मेट्रोची १४ नंबरची लाइन थेट तिथपर्यंत जाते, आता ते फारच सोयीचं झालंय. आणि बोव्हे. तिकिटावर पॅरिस बोव्हे लिहितात, गाव पॅरिसपासून ८० किलोमीटरवर आहे आणि पुढे सव्वा तास बस. पुणे विमानतळ म्हणून लोणंदला उतरवल्यासारखं.

७. मग एकूण, दार ते दार, विमान लवकर की ट्रेन?

हा खरा प्रश्न आहे आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात.

विमान: घरातनं हीथ्रो एक तास. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचायचं. १ तास २० मिनिटं गेट ते गेट. उतरून चालणं, पासपोर्टची रांग, बॅग असेल तर पट्ट्याजवळ उभं राहणं, नशीब चांगलं असेल तर ४० मिनिटं. मग लोकलने गावात अर्धा-पाऊण तास. झाले साडेपाच ते सहा तास, आणि त्यातले हवेत पन्नास मिनिटं.

ट्रेन: घरातनं सेंट पँक्रस स्टेशन (लंडनमध्ये पॅरिसची गाडी, म्हणजे युरोस्टार, इथनं सुटते) अर्धा-पाऊण तास. गाडीच्या सव्वा तास आधी जायचं, गेट अर्धा तास आधी बंद होतं आणि एकदा बंद झालं की विनवण्या करून उपयोग नाही. युरोस्टार सर्वात जलद २ तास १६ मिनिटं. गार द्यू नॉरला उतरलात की सरळ स्टेशनबाहेर, कारण पासपोर्टचं काम लंडनलाच झालेलं असतं (प्रश्न १३ बघा). साडेचार तासांत तुम्ही पॅरिसच्या रस्त्यावर कॉफी पिताय.

शिवाय ट्रेनमध्ये पातळ पदार्थांना १०० मिलीची मर्यादा नाही, पाण्याची बाटली घेऊन जा. दोन मोठ्या बॅगा आणि एक छोटी तिकिटातच.

माझं मत विचाराल तर पॅरिससाठी ट्रेनच. विमान दोनच प्रसंगी घ्या: एक, तुम्ही हीथ्रोच्या अगदी जवळ, हाउन्स्लो किंवा स्लाउला राहता आणि पॅरिसमध्ये ऑर्लीच्या बाजूला काम आहे किंवा शार्ल द गॉलवरनंच पुढचं विमान आहे. दुसरं, ट्रेनचं तिकीट शेवटच्या क्षणी काढताय, तेव्हा त्याची किंमत बघून माणूस चालत निघेल.

८. ट्रेन समुद्राखालनं जाते तेव्हा काय दिसतं? आईला भीती वाटते.

काळोख दिसतो. आईंना सांगा घाटातला बोगदा समजा, फक्त लांब. बोगदा ५० किलोमीटरचा आहे, त्यातले ३८ समुद्राखाली. बाहेर ताशी ३०० ने जाणारी गाडी आत १६० ने जाते, वीसेक मिनिटांत पार. कान थोडे दडपतात. मासे दिसत नाहीत, हे लहान मुलांना आधीच सांगा, आमच्याकडे यावर रडारड झालेली आहे.

बोगदा मे १९९४ मध्ये सुरू झाला. तेव्हा लंडनच्या बाजूला गाडी जुन्या रुळांवरनं रखडत वॉटर्लूला यायची, नोव्हेंबर २००७ मध्ये नवीन लाइन पूर्ण झाल्यावर सेंट पँक्रसला यायला लागली आणि वेळ खाली आला.

९. गाडीने किंवा बसने जायचं म्हटलं तर?

गाडीने सहा-सात तास धरा. लंडनहून एम २० ने फोकस्टन, तिथे गाडीसकट ट्रेनमध्ये चढायचं, ३५ मिनिटांत कॅले, मग फ्रेंच टोल रोड. नाहीतर डोव्हरहून बोट, दीड तास. कॅलेला उतरल्यावर पहिल्या चौकात डावीकडे घुसू नका, तिकडे गाड्या उजवीकडनं चालतात. भाड्याची गाडी असेल तर देशाबाहेर न्यायची परवानगी आधी लेखी घ्या.

बस लंडनच्या व्हिक्टोरियाहून पॅरिसच्या बेर्सीला आठ-नऊ तास, रात्रीची असेल तर मध्यरात्री उठवून पासपोर्टच्या रांगेत उभं करतात. पंचविशीच्या आतल्यांनी करावं.

जाता जाता: लुई ब्लेरिओ २५ जुलै १९०९ ला विमानातनं पहिल्यांदा खाडी ओलांडून कॅलेहून डोव्हरला आला, त्याला साधारण साडेछत्तीस मिनिटं लागली. आज तुमची सेडान बोगद्यातनं ३५ मिनिटांत जाते. शंभरपेक्षा जास्त वर्षांत दीड मिनिट वाचलं.

१०. पूर्वी विमानाला किती लागायचे?

लंडन-पॅरिस हा जगातल्या अगदी जुन्या विमान मार्गांपैकी एक. २५ ऑगस्ट १९१९ ला रोजची सेवा सुरू झाली, लंडनचा हाउन्स्लो हीथ ते पॅरिसचं ल बूर्जे. एक प्रवासी, वर्तमानपत्रं, शिकार केलेले ग्राउस पक्षी आणि डेव्हनशर क्रीमच्या बरण्या. वेळ अडीच तास. आणि हाउन्स्लो म्हणजे आजच्या हीथ्रोच्या शेजारचंच, जिथे आता आपण कोथिंबिरीच्या जुड्या आणायला जातो.

११. फ्रान्सने जवळची विमानं बंद केली ना? लंडन-पॅरिस पण बंद होणार का?

मे २०२३ चा तो नियम फ्रान्सच्या आतल्या विमानांपुरता आहे, जिथे अडीच तासांच्या आत ट्रेनने पोचता येतं तिथे. त्यात ऑर्लीहून बोर्दो, नाँत आणि ल्याँ हे मार्ग गेले. लंडन परदेशात, त्याला तो लागू नाही.

१२. यूकेचा व्हिसा आहे, त्यावर पॅरिसला जाता येतं का?

नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) वेगळा. यूके शेंगेनमध्ये कधीच नव्हतं, ब्रेक्झिटच्या आधीपासून हे असंच आहे. उलटंही तेच, शेंगेनवर लंडनला येता येत नाही.

आता भानगड. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याच्या ट्रिपचा आराखडा असा होता: मुंबई-पॅरिस, मग चार दिवस लंडन, परत पॅरिस, तिथनं मुंबई. दोन्ही व्हिसे हातात. लंडनहून परतीच्या आदल्या दिवशी मी सहज शेंगेनचा स्टिकर बघितला, एंट्रीच्या रकान्यात ०१. म्हणजे पॅरिस सोडून लंडनला आले तेव्हाच ती एक एंट्री संपली. एजंट म्हणाला "साहेब, आम्ही तर तारखा बरोबर टाकल्या होत्या." शेवटी लंडन-मुंबई नवीन तिकीट काढलं, पॅरिसचं परतीचं वाया. तेव्हा असा मार्ग असेल तर अर्जातच मल्टिपल एंट्री मागा, आणि स्टिकर आला की मल्ट लिहिलंय का ते आधी बघा. किंवा लंडन आधी करा, पॅरिस शेवटी.

१३. पासपोर्ट कुठे तपासतात?

विमानाने गेलात तर पॅरिसला उतरल्यावर. ट्रेनने गेलात तर फ्रेंच पोलीस सेंट पँक्रसलाच बसलेले असतात, आणि येताना ब्रिटिश अधिकारी गार द्यू नॉरला. डोव्हर आणि फोकस्टनलाही असंच.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने नवीन एंट्री-एक्झिट पद्धत सुरू केली, टप्प्याटप्प्याने. शिक्क्याच्या जागी कॉम्प्युटरवर नोंद, पहिल्यांदा जाताना फोटोबिटो. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो, तेव्हा प्रश्न ७ मधल्या हिशेबात वीस मिनिटं वाढवा.

१४. मुलीसाठी घरचं तूप आणि पेढे घेऊन पॅरिसला जातोय, चालेल ना?

नाही चालणार. युरोपियन युनियनमध्ये बाहेरनं स्वतःसाठीसुद्धा मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि ब्रेक्झिटनंतर लंडन "बाहेर" आहे. तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर सगळं त्यात आलं. चकली, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मसाले न्या. प्रश्न १० मधल्या त्या क्रीमच्या बरण्या आज गेटवरच राहिल्या असत्या.

येतानाही लक्ष ठेवा. एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही युरोपहून येणाऱ्या प्रवाशांना मांस, दूध, चीज आणायला बंदी केली. पॅरिसचं चीज पॅरिसमध्येच खाऊन या, चॉकलेट-बिस्किटं आणा.

१५. विमान उशिरा आलं तर पैसे मिळतात म्हणे, एवढ्याशा प्रवासाला पण?

हो, आणि कधीकधी तिकिटापेक्षा जास्त. १५०० किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला, तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असेल तर माणशी २५० युरो, लंडनहून निघताना २२० पाउंड. वादळ, धुकं, किंवा एअर ट्रॅफिक कंट्रोलवाल्यांचा संप असेल तर नाही, आणि फ्रान्समध्ये हा संप दिवाळी-दसऱ्यासारखा नेमाने येतो. पण तेव्हाही खाणंपिणं आणि रात्र काढायची सोय त्यांनीच करायची.

उशीर कधीपर्यंत मोजायचा? चाकं टेकली तेव्हापर्यंत नाही, विमानाचं दार उघडलं तेव्हापर्यंत. २ तास ५५ मिनिटांनी उतरून दहा मिनिटं गेटची वाट बघत बसलात तर तुमचा हक्क झाला. दार उघडताना घड्याळाचा फोटो काढून ठेवा.

१६. मुंबईहून हीथ्रोला उतरून लगेच पॅरिसचं विमान घेतलं तर मधे किती वेळ ठेवू?

एकच तिकीट असेल तर कंपनी जो वेळ देते तो पुरतो, चुकलं तर पुढचं विमान त्यांची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर चार तासांच्या खाली जाऊ नका, कारण बॅग स्वतः घ्यायची, बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन, आणि बाहेर यायचं म्हणजे यूकेचा व्हिसा लागलाच. बॅग थेट जात असली आणि आतनंच बदली असली तरी ट्रान्झिट व्हिसाचा नियम तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही. आणि पहिलं विमान हीथ्रोला, दुसरं गॅटविकहून असं तिकीट स्वस्त दिसलं तर सोडून द्या, मधे एम २५ आहे, लंडनभोवतीचा कायम तुंबणारा रिंग रोड.

१७. एका दिवसात जाऊन परत येता येतं का?

ट्रेनने आरामात. सकाळी सहाच्या आसपासची पहिली गाडी, रात्री नऊच्या आसपासची शेवटची. जाताना एक तास जातो, येताना तो परत मिळतो (प्रश्न ४). गार द्यू नॉरहून सक्रे कर हे टेकडीवरचं चर्च वीस मिनिटं चालत, चढ आहे, आजी-आजोबा असतील तर टॅक्सी. आयफेलचं वरचं तिकीट घरूनच काढा. फक्त मंगळवार नको, लूव्र म्युझियम बंद असतं.